वेस ओलांडणारा बंब : सातारा–सांगलीच्या हद्दी आणि संकटकाळचा शेजारधर्म (धागा)

१/
नगरपालिकेच्या अग्निशमन बंबाचा लाल रंग, घंटा आणि शिडी लगेच नजरेत भरतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्याच्या दारावर रंगवलेले मालकाचे नाव वाचावे. कुठे कराडचे, कुठे विट्याचे, कुठे तासगावचे. त्या नावामागे एक हद्द असते, हद्दीत गोळा होणारा कर असतो आणि त्या कराच्या बदल्यात दिलेले एक वचन असते : तुमचे घर पेटले तर आम्ही येऊ. आग मात्र दारावरचे नाव वाचून लागत नाही. वचन जिथे संपते त्याच्या पलीकडच्या गावात ज्वाळा उठल्या, तर बंबाने जावे की नाही? आजचा धागा या साध्या प्रश्नाचा माग सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत घेतो.

२/
हेच दोन जिल्हे निवडण्याचे कारण असे की महाराष्ट्रात हद्दींचा एवढा गुंता फार थोड्या प्रदेशांनी अनुभवला आहे. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब यांच्या निधनानंतर डलहौसीने सातारा खालसा केले आणि तिथे कंपनी सरकारचा जिल्हा झाला. पण त्या जिल्ह्याच्या भोवती आणि पोटातही संस्थाने शिल्लक राहिली : औंध, फलटण, जत आणि पटवर्धन घराण्याची सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, कुरुंदवाड. एकाच दिवसाच्या पायी प्रवासात माणूस दोन-तीन राज्यांतून जाई. कायदा बदले, न्यायालय बदले, पोलिसाचा गणवेश बदले. पायाखालची काळी माती तेवढी बदलत नसे.

३/
औंधचे उदाहरण घेऊ. पंतप्रतिनिधींचे हे संस्थान अवघ्या ७२ गावांचे, पण ती गावे एकसंध नव्हती. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला तो याच संस्थानाच्या आश्रयाने. म्हणजे किर्लोस्करवाडी औंधची आणि आजूबाजूची कित्येक गावे ब्रिटिश मुलखातली. नकाशावर हे संस्थान फाटलेल्या गोधडीच्या ठिगळांसारखे दिसते.

४/
अशा नकाशाचा राजकीय उपयोग काय होतो, हे १९४२ नंतर दिसले. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात उभे राहिले. त्यात आजचा सांगली जिल्ह्याचा मोठा भागही येत होता. औंधच्या हद्दीतले कुंडल हे या चळवळीचे एक प्रमुख केंद्र होते. भूमिगतांना हद्द म्हणजे ढाल वाटे आणि त्यांचा पाठलाग करणाऱ्या पोलिसांना तीच हद्द भिंत वाटे. दुसऱ्या राज्यात शिरायचे तर परवानगी, पत्रव्यवहार आणि शिष्टाचार आलाच. तेवढ्या वेळात माणूस नदी ओलांडून पुढच्या गावात पोहोचलेला असे.

५/
या चळवळीच्या कथा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगाव्यात. पण त्याच नकाशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पाठलाग थांबवणारी भिंत मदतही थांबवते. पोलीस, दवाखाना, पाणीपुरवठा, बंब या सर्व सार्वजनिक सेवा हद्दीच्या चौकटीत जन्मल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात १८५० च्या कायद्याने गावोगावी नगरपालिका स्थापन होऊ लागल्या, तेव्हा शहराच्या नागरिकांनी कर द्यावा आणि त्यातून शहराचीच सोय व्हावी ही कल्पना रुजली. आग विझवणे हे कालांतराने नगरपालिकेचे कर्तव्य ठरले, पण ते तिच्या सीमेपुरते.

६/
सीमेबाहेरच्या खेड्याकडे स्वतःची जुनी रीत होती. कडब्याची गंजी किंवा गवताने शाकारलेले छप्पर पेटले की हाळी उठे, विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागे, घागरी हातोहात पुढे सरकत, ओली पोती आणि माती टाकली जाई. शेजारचे घर वाचावे म्हणून मधले छप्पर ओढून पाडले जाई. या रीतीत हद्दीचा प्रश्न नव्हता. धूर दिसेल तो धावे. यंत्र आले आणि हद्दीचा प्रश्न निर्माण झाला, कारण यंत्राला मालक असतो, चालक असतो, इंधनाचा खर्च असतो आणि ते एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते.

७/
हा प्रश्न जगभर सर्वत्र आला. त्याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील बाल्टिमोर शहराचे आहे. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी तिथे भीषण आग लागली. शेजारच्या शहरांनी मदतीला नकार दिला नाही. वॉशिंग्टनहून बंब रेल्वेवर चढवून आणले गेले, पाठोपाठ फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कचेही आले. पण पाहुण्या दलांच्या होज पाइपांचे जोड बाल्टिमोरच्या नळखांबांना बसेनात. प्रत्येक शहराने आपापल्या मापाचे आटे पाडून घेतले होते. पाणी समोर, माणसे तयार, आणि मधली पितळी कडी जुळत नाही. सुमारे ३० तास शहर जळत राहिले, १,५०० हून अधिक इमारती गेल्या.

८/
बाल्टिमोरनंतर अमेरिकेत जोडांचे एकच राष्ट्रीय माप ठरवण्यात आले. भारतातही अग्निशमन होजच्या जोडांसाठी मानक आहे आणि ६३ मि.मी. हे त्यातले नेहमीचे माप. त्यामुळे एका गावच्या बंबाचा पाइप दुसऱ्या गावच्या बंबाला लावता येतो. ही बाब क्षुल्लक वाटते, पण शेजारधर्माचा पहिला नियम तिच्यात आहे : मदतीची इच्छा ऐनवेळी उपजू शकते, मदतीचा जोड मात्र आधीच घडवून ठेवावा लागतो. पुढे या धाग्यात 'जोड' हा शब्द मी याच व्यापक अर्थाने वापरणार आहे.

९/
दुसरा जोड आहे हुकमाचा. त्याचे उदाहरण आपल्याच राज्यातले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकेही. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचे अधिकारी आणि अग्निशमन दल, सारे धक्क्यावर हजर होते. जहाज गोदीतच बुडवावे की बाहेर समुद्रात न्यावे, यावर मते होती. पण सर्वांवर बंधनकारक ठरेल असा निर्णय घेणारा एक माणूस नव्हता. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले.

१०/
त्या दिवशी मुंबईच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. या घटनेकडे आपण सहसा शौर्यकथा म्हणून पाहतो. ती शौर्यकथा आहेच, पण प्रशासनाच्या इतिहासात तिचा आणखी एक अर्थ आहे. अनेक यंत्रणा एकाच जागी येतात, तेव्हा धैर्य कमी पडत नाही. कमी पडते ते 'इथे शेवटचा शब्द कोणाचा' याचे आधी ठरलेले उत्तर.

११/
आता पुन्हा कृष्णाकाठी येऊ. स्वातंत्र्यानंतर इथला नकाशा झपाट्याने बदलला. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन झाले. वाळवा, तासगाव, खानापूर आणि शिराळा हे भाग सांगली, मिरज, जत इत्यादी संस्थानी मुलखाला जोडून दक्षिण सातारा जिल्हा बनला. औंध संस्थानातली आटपाडी आणि कुंडल नव्या जिल्ह्यात गेली, खुद्द औंध मात्र साताऱ्यात राहिले. २१ नोव्हेंबर १९६० पासून दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. ठिगळे मिटली, पण कराड आणि वाळवा या दोन सख्ख्या शेजारी तालुक्यांमधून जिल्ह्याची एक नवी रेषा गेली.

१२/
ही रेषा जमिनीवर कुठे दिसत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे, दोन्ही बाजूंना तीच सोयरीक आणि तोच बाजार आहे. कराड तालुक्यातल्या रेठरे बुद्रुकच्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याचे सभासद पाहा : ते सातारा जिल्ह्यातही आहेत आणि सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, कडेगाव या तालुक्यांतही. कारखान्याची हद्द उसाने ठरवली, महसूल खात्याने नव्हे. सहकाराने इथे जिल्ह्याच्या रेषेवरून जाणारा एक वेगळाच नकाशा काढला आणि तो आगीच्या वेळी कसा उपयोगी पडतो हे पुढे पाहू.

१३/
त्याआधी कायद्यातली एक फट समजून घ्यावी लागेल. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. ७४ व्या दुरुस्तीने घटनेला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकांकडे सोपवण्याच्या १८ विषयांची ती यादी आहे आणि त्यात सातव्या क्रमांकावर 'अग्निशमन सेवा' आहे. ७३ व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. शेती, पशुसंवर्धन, रस्ते, ग्रंथालये, जत्रा-बाजार, सारे काही त्यात आहे. अग्निशमन मात्र नाही. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की ही फट एकदम डोळ्यांत भरते.

१४/
याचा परिणाम असा की शहरातल्या आगीला घटनेच्या यादीत एक नाव-पत्ता आहे, खेड्यातल्या आगीला तो नाही. गावाने बंब बाळगावा तर त्याची किंमत, चालक, जवान, देखभाल आणि वर्षभराचा पगार हे कुठल्याही सामान्य ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून गावात आग लागली की जवळच्या नगरपालिकेला फोन जातो आणि बंब हद्द ओलांडतो. अनेक नगरपालिकांत हद्दीबाहेरच्या सेवेसाठी शुल्क आकारण्याची पद्धत आहे. म्हणजे व्यवहारात सेवा मिळते, पण तिचे रूप हक्काचे नसते. तिचे रूप शेजाऱ्याच्या उपकाराचे असते.

१५/
उसाच्या फडाला लागलेली आग हे याचे इथले सर्वांत परिचित उदाहरण. तोडणीच्या हंगामात पाचट वाळलेले असते. लोंबकळणाऱ्या वीजतारांची ठिणगी किंवा बांधावर पेटवलेला कचरा एवढे कारण पुरते. वाऱ्याच्या दिशेने एका शेतकऱ्याचा फड पेटतो आणि क्षणात शेजारच्याचाही. जळलेला ऊस लवकर गाळपाला गेला नाही तर त्यातली साखर आणि वजन दोन्ही घटतात. म्हणून आग विझली तरी धावपळ संपत नाही. वर्षभराचे पीक आणि त्यावर काढलेले सोसायटीचे कर्ज त्या काही तासांवर अवलंबून असते.

१६/
अशा वेळी कोण येते? जवळच्या नगरपालिकेचा बंब येतो आणि साखर कारखान्यांचेही बंब येतात. कारखान्यांना स्वतःच्या आवारासाठी अग्निशमनाची व्यवस्था ठेवावी लागते, पण सभासदाचा फड पेटल्यावर ती व्यवस्था फाटकाबाहेर पडते. इथे सहकाराचा तो दुसरा नकाशा कामाला येतो. सभासद कोणत्या जिल्ह्यातला, हा प्रश्न कारखान्यापुढे नसतो. सभासदत्व हा आधीच घडवलेला जोड आहे. गावकऱ्यांचे ट्रॅक्टर, फवारणीचे पंप आणि विहिरीवरची मोटर यांची त्याला साथ मिळते. पूर्वीची घागरींची रांग नव्या साधनांनिशी पुन्हा उभी राहते.

१७/
हद्दच पुसून प्रश्न सोडवण्याचा एक प्रयोगही इथे झाला. सांगली आणि मिरज या दोन जुन्या राजधान्यांमध्ये जेमतेम दहा किलोमीटरचे अंतर. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि सांगली संस्थान उभे राहिले. सुमारे दोन शतकांनी, ९ फेब्रुवारी १९९८ रोजी, सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महानगरपालिका झाली. या एकीकरणाच्या राजकारणावर मतभेद असतील, पण अग्निशमनापुरते पाहिले तर अर्थ स्पष्ट आहे : मिरजेतली आग आता सांगलीसाठी शेजाऱ्याची राहिली नाही, घरची झाली.

१८/
पण प्रत्येक हद्द अशी पुसता येत नाही. आणि इथे एक न्याय्य आक्षेप मांडला पाहिजे. शहराच्या करदात्याने विचारले, 'आमचा एकुलता एक बंब वीस किलोमीटरवरच्या फडात असताना आमच्या पेठेत आग लागली तर?' तर त्याला गप्प बसवता येणार नाही. त्याचा प्रश्न स्वार्थी नाही, हिशेबी आहे. जगभरच्या अग्निशमन व्यवस्थांनी त्यावर काढलेला तोडगा साधा आहे : एका गावचा बंब बाहेर गेला की दुसऱ्या गावचा बंब रिकाम्या केंद्राकडे सरकतो. म्हणजे मदत दोघांत नसते, साखळीत असते. साखळी मात्र फोनवर विनवण्या करून तयार होत नाही. ती आधी कागदावर बांधावी लागते.

१९/
शेजारधर्माची साखळी दूरवर किती पोहोचू शकते, याचा पुरावा २०१६ चा. लातूर तहानलेले होते. ते सांगलीच्या हद्दीला कुठेही भिडत नाही. तरीही एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे कृष्णेचे पाणी घेऊन लातूरकडे निघाली. पहिल्या फेरीत १० टाक्यांमधून ५ लाख लिटर पाणी गेले, पुढे ५० टाक्यांची, २५ लाख लिटरची गाडी धावू लागली. टाक्या राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन-साफ करून आणल्या, मार्ग रेल्वेचा, पाणी सांगलीचे, तहान लातूरची. अनेक यंत्रणा, पण कोणी काय करायचे ते ठरलेले होते. म्हणून गाडी चालली.

२०/
तीच कृष्णा पावसाळ्यात वेगळा धडा देते. नदी महाबळेश्वरला उगम पावते, कराडला प्रीतिसंगमावर कोयना तिला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा येते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा आणि मग ती कर्नाटकात अलमट्टीकडे जाते. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव : चार जिल्हे, दोन राज्ये. १०५ टीएमसीचे कोयना धरण सातारा जिल्ह्यात आहे. त्याचे दरवाजे उघडतात तेव्हा त्याचा परिणाम सांगलीच्या पेठेत दिसतो. इथे वरच्या शेजाऱ्याने खालच्याला करायची सर्वांत मोठी मदत म्हणजे वेळेवर दिलेला एक आकडा : किती क्युसेक, कधीपासून.

२१/
सांगलीकर हा आकडा आयर्विन पुलावर वाचतात. १९२९ चा हा पूल व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाचा. तिथे ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ च्याही वर. २००५ च्या अखेरीस देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण निर्माण केले आणि संकटकाळी इतरांची साधने तातडीने वापरासाठी मिळवण्याचे अधिकार त्याला दिले. १९४४ च्या गोदीत जे उत्तर नव्हते, ते आता जिल्ह्यापुरते मिळाले : शेवटचा शब्द कोणाचा ते ठरले. याच कायद्याने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलही आले. त्याची एक तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते.

२२/
ऑगस्ट २०१९ मध्ये हे दल आले, भूदल आले, नौदल आणि तटरक्षक दलही आले. पण ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे काय झाले ते विसरता येत नाही. वेढलेल्या गावातून लोकांना बाहेर काढणारी गावची बोट क्षमतेहून अधिक माणसांनी भरली आणि उलटली. १७ जणांचा मृत्यू झाला. दूरची मदत कितीही सुसज्ज असली तरी पहिल्या काही तासांत माणूस गावच्या आणि शेजारच्या गावच्या साधनांवरच अवलंबून असतो. पुरातली बोट आणि आगीतला बंब यांचा प्रश्न इथे एकच होतो : सर्वांत जवळचे साधन कोणाचे आहे, ते चालवायला कोण तयार आहे, आणि त्याला बोलावण्याचा अधिकार कोणाला आहे?

२३/
दोष कोणाचा, हा वाद पुढे बराच चालला. अलमट्टीच्या फुगवट्याकडे बोट दाखवले गेले. निवृत्त जलतज्ज्ञ नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० मध्ये अहवाल दिला आणि अलमट्टी हे पुराचे मुख्य कारण मानले नाही. या निष्कर्षावर आजही मतभेद आहेत. धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट नंतरची : जून २०२१ मध्ये, पावसाळा तोंडावर असताना, महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले. धरणातला साठा आणि विसर्ग यांची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना देण्यावर बोलणी झाली. त्याच वर्षी जुलैत पूर आलाच, पाणी ५४ फुटांच्या वर गेले. पूर टळला नाही. पण पूर येण्याआधी शेजाऱ्याशी बोलायचे असते, ही रीत दोन राज्यांच्या पातळीवर मान्य झाली.

२४/
आता सारे एकत्र ठेवून पाहू. बाल्टिमोरमध्ये माणसे होती, माप जुळत नव्हते. मुंबईच्या गोदीत यंत्रणा होत्या, हुकूम एकाचा नव्हता. कृष्णाकाठी धरणे होती, आकडा वेळेवर पोहोचण्याची खात्री नव्हती. उसाच्या फडात बंब येतो, पण तो येण्याची जबाबदारी कोणाच्या नावावर नाही. चारही ठिकाणी माणुसकी कमी पडलेली दिसत नाही. कमी पडला तो जोड : मापाचा, हुकमाचा, माहितीचा आणि जबाबदारीचा. पहिल्या तिघांवर काही ना काही काम झाले आहे. चौथा अजून बराचसा चालकाच्या सौजन्यावर आणि फोन उचलणाऱ्याच्या स्वभावावर उभा आहे.

२५/
त्यासाठी फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. जिल्हा प्राधिकरण आहे, नगरपालिका आहेत, कारखाने आहेत, औद्योगिक वसाहतींची अग्निशमन केंद्रे आहेत. सीमेवरच्या प्रत्येक गावासाठी पहिला बंब कोणाचा, दुसरा कोणाचा, खर्च कोणत्या खात्यातून आणि रिकाम्या केंद्राकडे कोणी सरकायचे, एवढे चार रकाने भरलेला एक तक्ता दोन्ही जिल्ह्यांनी मिळून करता येण्यासारखा आहे. कराड तालुक्याच्या शेवटच्या गावाला इस्लामपूर जवळ असेल, तर त्या गावाच्या रकान्यात इस्लामपूर लिहिलेले असावे. जिल्ह्याची रेषा तिथे आडवी येऊ नये.

२६/
शेवटी इतिहासप्रेमी मित्रांना एक विनंती. आपण किल्ल्यांचे दरवाजे मोजतो, ताम्रपट वाचतो, मोडी शिकतो. तसाच आपल्या गावचा हाही इतिहास गोळा करा. गावात पहिला बंब कोणत्या वर्षी आला? त्याआधी आग कशी विझवत? मोठी आग लागली तेव्हा बाहेरून कोण आले? याची उत्तरे नगरपालिकेच्या वार्षिक अहवालांत, कारखान्याच्या कागदांत आणि गावातल्या वृद्धांच्या आठवणींत आहेत. संस्थानांच्या हद्दी मिटून पाऊणशे वर्षे झाली. त्या रेषांवरून कोण कोणाच्या मदतीला धावले, याची नोंद मात्र अजून कोणी सलग केलेली नाही. जमलेल्या नोंदी या धाग्याखाली लिहा. सीमेवरच्या गावांपासून सुरुवात करू.